यरुशलेमेचा चढ, यरीहोचा उतार : प्रस्तावना

ख्रिस्ती धर्मात तीर्थयात्रेचे बंधन नाही, ही गोष्ट आरंभीच सांगून टाकलेली बरी. कारण पॅलेस्टाइनच्या यात्रेविषयीचे पुस्तक हाती घेणारा मराठी वाचक बहुधा ज्या संस्कारांत वाढलेला असतो त्यांत यात्रा हे पुण्यकर्म असते, आषाढीची वारी चुकली तर वारकऱ्याला वर्षभर रुखरुख लागते, ऐपतदार मुसलमानाला आयुष्यात एकदा हजला जाणे हे धर्माने लावून दिलेले कर्तव्य असते, आणि प्राचीन यहुद्यालाही वल्हांडण, सप्ताहांचा सण आणि मांडवांचा सण अशा तीन प्रसंगी देवापुढे हजर राहण्याची मोशेच्या नियमशास्त्राची आज्ञा होती. ख्रिस्ती माणसाला अशी कोणतीही आज्ञा नाही. जन्मभर गावची वेस न ओलांडता तो मेला, तरी त्याच्या तारणात तिळमात्र उणे पडत नाही. आणि बेथलेहेमची फरशी शंभरदा चुंबून आला, तरी त्याच्या पदरी अधिकचे काही जमा होत नाही. मग त्याने तेथे जावेच कशाला, हा प्रश्न त्याच्यापुरता तरी परंपरेने सोडवलेला नाही, आणि पुढील प्रकरणांत मी जे लिहिले आहे ते सारे या एका प्रश्नाभोवती फिरते.

ही मोकळीक केवळ शास्त्राच्या मौनातून आलेली नाही. ती स्पष्ट शब्दांत दिलेली आहे, आणि जेथे दिली ती जागाही दाखवता येते. प्राचीन शखेमाजवळ, म्हणजे आजच्या नाब्लूस शहराच्या पूर्व बाजूस, गरिज्जीम डोंगराच्या पायथ्याशी याकोबाची म्हणून मानलेली एक खोल विहीर आहे. योहानाच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात, भर दुपारी तेथे पाणी भरायला आलेल्या शोमरोनी स्त्रीने प्रभू येशूपुढे जो प्रश्न ठेवला, तो दोन जमातींमधला पिढ्यान्‌पिढ्यांचा कज्जा होता : आमच्या वाडवडिलांनी उपासना या डोंगरावर केली, तुम्ही यहुदी ती यरुशलेमेतच व्हावी असे म्हणता, तेव्हा खरे कोणाचे? गरिज्जीमवरचे शोमरोन्यांचे मंदिर ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी महायाजक योहान हुर्कान याने पाडले होते, म्हणजे ती विचारीत असताना माथ्यावर अवशेषच उरले असणार. आणि ज्या मंदिराच्या जोरावर यहुदी बोलत होते तेही पुढे इ. स. ७० मध्ये रोमी फौजेने जाळून टाकले. उपासनेच्या जागेपुरता निवाडा प्रभूने दोघांपैकी कोणाच्याही पदरात टाकला नाही. या डोंगरावर नाही आणि यरुशलेमेतही नाही, असा त्याच्या उत्तराचा आशय आहे. गंमत अशी, की ही विहीर आज ग्रीक ऑर्थोडॉक्स मंडळीच्या चर्चच्या तळघरात आहे, तिच्यावर पोहरा आहे, आणि जगभरातून आलेला यात्रेकरू पायऱ्या उतरून तेथे जातो व ते पाणी भक्तिभावाने पितो. स्थलमाहात्म्य नाकारणाऱ्या उद्गाराचेच स्थलमाहात्म्य होऊन बसले आहे, आणि त्याचे त्या पाणी पिणाऱ्यांपैकी फारसे कोणाला काही वाटत नाही.

या विहिरीशी मुंबई इलाख्याचाही एक विलक्षण संबंध आहे. १८३९ साली अँड्र्यू बोनार नावाचे एक स्कॉटिश पाळक तेथे आले असता त्यांच्या जवळचे बायबल निसटून विहिरीत पडले, आणि पोहोचण्याचा काही उपाय नसल्यामुळे ते तेथेच सोडून त्यांना पुढे जावे लागले. चार वर्षांनी, १८४३ मध्ये, मुंबईचे डॉ. जॉन विल्सन, ज्यांच्या नावाचे महाविद्यालय गिरगाव चौपाटीवर आजही उभे आहे, स्वदेशी परतताना मिसर, सीनाय आणि पॅलेस्टाइन या वाटेने गेले. त्यांच्या सोबत धनजीभाई नौरोजी हे तरुण होते, ज्यांच्या १८३९ मधील बाप्तिस्म्यावरून मुंबईच्या पारशी समाजात मोठी खळबळ उडाली होती आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते. विल्सनसाहेबांनी याकोब नावाच्याच एका शोमरोन्याला दोर बांधून सुमारे ७५ फूट खोल विहिरीत उतरवले, तळाच्या राड्यात शोध घेवविला, आणि बोनारसाहेबांचे ते भिजून लगदा झालेले पुस्तक वर काढले. ही हकीगत १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या विल्सन यांच्या बायबलभूमीवरील द्विखंडात्मक ग्रंथाबरोबर आमच्याकडे पोहोचली. मला ती फार आवडते. परंतु तिच्यातून रूपक काढण्याचा मोह मी आवरतो, कारण यात्रेकरूंच्या लिखाणात अशा रूपकांचा सुकाळ आधीच पुरेसा आहे.

यात्रेविषयीचा संशय काही आमच्या मिशनऱ्यांनीच प्रथम आणला असे नव्हे. चौथ्या शतकात, कॉन्स्टंटाइन बादशहाच्या आश्रयाने पॅलेस्टाइनमध्ये भव्य चर्चे उभी राहू लागली आणि युरोपातून यात्रेकरूंची रीघ लागली, तेव्हाच निस्साचा बिशप ग्रेगरी याने एका पत्रात लिहून ठेवले, की यरुशलेमेस जाऊन आल्याने कोणी देवाच्या अधिक जवळ जात नाही, आणि त्या नगरीत पाप इतर ठिकाणांपेक्षा काही कमी नाही. जेरोमची गोष्ट तर आणखी मौजेची. हा विद्वान इ. स. ३८६ पासून मरेपर्यंत बेथलेहेममध्येच राहिला, तेथेच त्याने बायबलचे लॅटिन भाषांतर सिद्ध केले, पॉला नावाच्या रोमी कुलीन स्त्रीच्या द्रव्यसाहाय्याने यात्रेकरूंसाठी धर्मशाळा चालवली. आणि त्याच जेरोमने नोला येथील पॉलिनसला लिहिले, की स्वर्गाचा दरबार यरुशलेमेहून जितका खुला आहे तितकाच तो ब्रिटनहूनही आहे, तेव्हा येथे आला नाहीस म्हणून काही गमावलेस असे समजू नकोस. जेरोम स्वतः मात्र बेथलेहेम सोडून कोठे गेला नाही.

याच काळात एजेरिया नावाची एक स्त्री पश्चिमेकडून निघून सीनाय, यरुशलेम, यार्देनेपलीकडचा नेबो पर्वत असा प्रवास करीत होती आणि घरच्या भगिनींना लांबलचक पत्रे लिहीत होती. तिच्या पत्रांची अपुरी प्रत १८८४ साली इटलीत आरेत्सो येथे सापडली, म्हणजे मधल्या काळात युरोपने तिला जवळजवळ विसरूनच टाकले होते. तिचा परिपाठ एकच होता : स्थळी पोहोचायचे, तेथल्या तेथे पवित्र शास्त्रातील त्या स्थळाचा उतारा वाचायचा, स्तोत्र म्हणायचे, प्रार्थना करायची आणि पुढे निघायचे. ग्रेगरीचा युक्तिवाद अचूक आहे असे मला वाटते, तरीही मी एजेरियाच्या पक्षाचा आहे. आणि का, ते सांगितल्यावाचून ही प्रस्तावना पुरी होणार नाही.

ख्रिस्ती विश्वासांगीकारात देवाचे, त्याच्या पुत्राचे आणि पवित्र आत्म्याचे नाव असावे यात नवल नाही. नवल हे, की त्यात पंतय पिलात या एका रोमी सुभ्याच्या अंमलदाराचेही नाव आहे. जगभरची ख्रिस्ती मंडळी रविवारी उभी राहून ते उच्चारते. लूक येशूच्या जन्माची कथा ऑगस्टसच्या खानेसुमारीने सुरू करतो, सूरियाचा सुभेदार कोण होता ते नोंदवतो, आणि योहान बाप्तिस्मा करणारा केव्हा उपदेश करू लागला हे सांगताना तिबिर्याच्या कारकिर्दीचे पंधरावे वर्ष धरून दफ्तरातल्यासारखा दाखला देतो. जो धर्म म्हणतो की शाश्वत ते एका विशिष्ट वर्षी, एका विशिष्ट अंमलाखाली, एका विशिष्ट खेड्यात देहधारी झाले, त्याला स्थळाविषयी बेपर्वा राहणे परवडत नाही. त्या स्थळी पुण्य साठलेले आहे असे तो म्हणणार नाही. पण ते स्थळ होते, त्याला उंची होती, पाऊस होता, वाट होती, एवढे त्याला म्हणावेच लागते. यात्रेला मी पुण्यक्षेत्राचे दर्शन म्हणत नाही, साक्षीदाराच्या जबानीची जागेवर जाऊन केलेली पडताळणी म्हणतो, आणि या पुस्तकाचा सारा पक्ष एवढाच आहे.

माझी स्वतःची जडणघडण लक्षात घेता इतका पक्ष घेणेही सोपे नव्हते. अमेरिकन बोर्डाचे मिशनरी १८१३ साली मुंबईस उतरले आणि १८३१ मध्ये त्यांनी अहमदनगरला ठाणे केले. त्या ठाण्याच्या सावलीत जो मराठी ख्रिस्ती समाज वाढला, त्याच्या अंगी मूर्ती, मेणबत्त्या, नवस आणि संतांच्या अस्थी यांविषयीची अढी खोल मुरलेली आहे. वसईचे आणि मुंबईचे आमचे कॅथलिक बांधव सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीच्या जत्रेला जातात, डिसेंबरात जुन्या गोव्याला संत फ्रान्सिस झेवियरच्या सणाला जातात, आणि यात्रा म्हणजे काय हे त्यांना कोणी समजावून द्यावे लागत नाही. आम्ही नगरी मंडळी मात्र रेव्हरंड टिळकांचे अभंग कंठशोष करून गाऊ, टाळ-मृदंग घेऊन कीर्तनाला उभे राहू, पण एखाद्या शिळेला हात लावून डोळे मिटायचे म्हटले की संकोचून जाऊ. याच बोर्डाचे बैरूत येथील मिशनरी ईलाय स्मिथ हे १८३८ साली एडवर्ड रॉबिन्सन या अमेरिकन पंडिताला घेऊन पॅलेस्टाइनभर हिंडले, आणि त्या दौऱ्यातून बायबलकालीन भूगोलाचे आधुनिक शास्त्र जन्माला आले. रॉबिन्सनने पाद्री-भिक्षूंच्या दंतकथा बाजूला सारून अरबी गावांच्या नावांत दडलेली जुनी नावे ओळखली, हे त्याचे मोठे ऋण आहे. परंतु पवित्र कबरीच्या चर्चविषयी त्याने जो प्रतिकूल निर्णय दिला, त्याचे कारण नुसते पांडित्य होते असे मला वाटत नाही. उदबत्त्या, दिवे आणि ग्रीक भिक्षू यांच्या गर्दीत प्रभूची कबर असू शकते, ही कल्पनाच त्या प्युरिटन मनाला सोसवत नव्हती.

त्याचा आक्षेप मात्र रास्त होता. सुळावर देण्याची व पुरण्याची जागा नगराबाहेर असली पाहिजे, आणि हे चर्च तर तटाच्या आत भर वस्तीत आहे. पुढे जनरल गॉर्डन यांनी १८८३ मध्ये दमास्कस दरवाजाच्या उत्तरेची एक टेकडी हीच कालवरी असे ठरवले, त्या शेजारची बाग व कबर १८९४ साली एका इंग्रज संस्थेने विकत घेतली, आणि तेव्हापासून प्रोटेस्टंट यात्रेकरूला मनासारखी, शांत, फुलझाडांची जागा मिळाली. मीही तेथे बसलो आहे. प्रार्थनेला जागा उत्तम आहे. परंतु पुराणवस्तुवेत्त्यांच्या मते ती कबर ख्रिस्तापूर्वी सातआठ शतकांची आहे, आणि शुभवर्तमानात तर नवी कबर म्हटले आहे. उलट, कॅथलीन केन्यन यांनी १९६०च्या दशकात पवित्र कबरीच्या चर्चलगत उत्खनन केले तेव्हा तो भाग ख्रिस्तकाळी तटाबाहेर, जुन्या दगडखाणीच्या जागी असल्याचे दिसले, आणि चर्चच्या आत सीरियन मंडळीच्या प्रार्थनागृहामागे त्या काळच्या खडकात कोरलेल्या यहुदी कबरी आजही पाहता येतात. यहुदी लोक वस्तीच्या आत मुडदे पुरीत नसत. उत्तरेचा नवा तट हेरोद अग्रिप्पाने इ. स. ४१ नंतर बांधला, म्हणून जागा आत आली. म्हणजे मन जिकडे ओढ घेते तिकडे पुरावा नाही, आणि पुरावा जिकडे आहे तिकडे मन रमत नाही, अशी आमच्यासारख्यांची पंचाईत आहे.

त्या चर्चमध्ये मन रमवायला मला पुष्कळ वेळ लागला, आणि रमले ते भक्तीच्या वाटेने नव्हे, वहिवाटीच्या वाटेने. इमारतीचा इतिहास थोडक्यात असा, की हेद्रियान बादशहाने तेथे मूर्तिपूजकांचे देवालय उभारले होते. ते काढून कॉन्स्टंटाइनने बांधलेल्या चर्चचे समर्पण ३३५ मध्ये झाले. इराण्यांनी ६१४ मध्ये ते जाळले. फातिमी खलिफा हाकिम याने १००९ मध्ये खडकापर्यंत उद्ध्वस्त केले. बिझंटिन बादशहाच्या पैशाने १०४८ पर्यंत अंशतः उभे राहिले. क्रूसवीरांनी ११४९ मध्ये आजचा आकार दिला. १८०८ मध्ये आगीत घुमट कोसळला, आणि कबरीवरची आजची घुमटी ग्रीकांनी १८१० मध्ये बांधली. या चर्चमध्ये सहा जमातींचे हक्क आहेत : ग्रीक, लॅटिन म्हणजे फ्रान्सिस्कन, आर्मेनियन, कॉप्ट, सीरियन आणि इथिओपियन. कोणी कोणत्या वेळी कोठे धूप फिरवायचा, कोणता दिवा कोणाचा, कोणती पायरी कोणी झाडायची, याचे तंटे शेकडो वर्षे सुलतानाच्या दरबारी चालले. १७५७ आणि १८५२च्या फर्मानांनी जे ज्याच्या ताब्यात आहे ते तसेच राहील असे ठरले, आणि ही ‘जैसे थे’ची व्यवस्था १८५६चा पॅरिसचा व १८७८चा बर्लिनचा तह यांनीही मान्य केली. भाऊबंदकीच्या वाड्यात सामाईक भिंतीला कोणी खिळाही ठोकू देत नाही, त्यातलाच हा प्रकार. दर्शनी खिडकीखाली एक लाकडी शिडी अठराव्या शतकापासून टेकून ठेवलेली आहे, कारण ती हलवण्याचा हक्क कोणाचा याचा निर्णय नाही. आणि मुख्य दरवाजाची किल्ली? ती जूदा घराण्याकडे, आणि दार उघडण्याचा मान नुसैबा घराण्याकडे; दोन्ही घराणी मुसलमान, आणि आपली ही मिरास सलाहुद्दीनाच्या वेळेपासूनची असल्याचे ती सांगतात.

हे ऐकून हसणारे पुष्कळ आहेत. बेथलेहेमात येशूजन्माच्या गुहेतला लॅटिन लेखाचा रुपेरी तारा १८४७ मध्ये चोरीस गेला आणि त्या तंट्याने क्रिमियाच्या युद्धाला निमित्त पुरवले, तेव्हा हा विषय नुसता हसण्याचा नाही हेही खरे. परंतु मला त्या चर्चमध्ये पहाटेच्या वेळी एका पाठोपाठ एक वेगवेगळ्या भाषांतल्या उपासना ऐकताना असे वाटले, की ज्या गोष्टीसाठी माणसे सतराशे वर्षे भांडतात तिच्याविषयी ती उदासीन नाहीत, एवढी तरी साक्ष त्या भांडणातून मिळते. १९२७च्या भूकंपाने खिळखिळी झालेली घुमटी ब्रिटिशांनी १९४७ मध्ये लोखंडी तुळयांनी आवळून ठेवली होती. ती दुरुस्त करण्यास तिन्ही मोठ्या जमातींची संमती व्हायला २०१६ उजाडले. अथेन्सच्या तज्ज्ञांनी तेव्हा कबरीवरची संगमरवरी लादी सरकवली, आणि तिच्याखालच्या चुन्याचा काळ चौथ्या शतकातला निघाला. याने पुनरुत्थान सिद्ध होत नाही. कॉन्स्टंटाइनच्या माणसांनी जी जागा दाखवली ती हीच, एवढे सिद्ध होते. आणि पडताळणी करणाऱ्याने जेवढे सिद्ध होते तेवढेच घ्यावे.

मात्र खरे सांगायचे तर या यात्रेत मला सर्वांत अधिक दिले ते चर्चांनी नव्हे, जमिनीने. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे साडेसातशे मीटर उंच, आणि यरीहो समुद्रसपाटीच्याही अडीचशे मीटर खाली. मध्ये अंतर अवघे पंचवीस-सत्तावीस किलोमीटर. चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला तो वाटसरू यरुशलेमेहून यरीहोस ‘खाली’ जात होता हे लहानपणापासून ऐकले होते, पण हे खाली जाणे म्हणजे हजार मीटरांचा उतार, दुतर्फा उघडेबोडके डोंगर, वळणावळणाला दबा धरून बसायला कपारी, आणि घसा कोरडा करणारे ऊन, हे त्या वाटेवरच्या वादी केल्ट नावाच्या दरीच्या काठाने चालल्याखेरीज कळत नाही. चोरांची टोळी त्या दाखल्यात कल्पनेने घातलेली नाही, ती त्या रस्त्याचा नित्याचा धोका होती. तसेच जैतुनांच्या डोंगराचे. त्याच्या पश्चिम उतारावर गेथशेमाने, समोर किद्रोन ओढ्यापलीकडे नगर; आणि माथ्यावर चढून पूर्वेला पाहावे तो थेट मृत समुद्रापर्यंत ओसाड रान. अटक होण्याच्या रात्री त्या बागेत बसलेल्या माणसाला डोंगर ओलांडून तासाभरात त्या रानात नाहीसे होता आले असते, दावीद राजा अबशालोमापुढून याच वाटेने निसटला होता. मशाली नगराच्या दरवाजातून निघून ओढ्यात उतरताना तेथून दिसल्या असणार. तो उठून गेला नाही, या वाक्याचे वजन मला त्या माथ्यावर कळले. यापूर्वी कित्येक उत्तम शुक्रवारी त्यावरची प्रवचने ऐकून ते इतके कळले नव्हते.

गालीलातही तेच. ज्याला आम्ही समुद्र म्हणून वाचत आलो ते एकवीस किलोमीटर लांब आणि तेरा किलोमीटर रुंद असे गोड्या पाण्याचे सरोवर, समुद्रसपाटीच्या सुमारे २१० मीटर खाली, भोवती डोंगर. वरून थंड वारा खाली कोसळला की घटकेत वादळ आणि घटकेत निवांत. १९८६च्या अवर्षणात पाणी मागे हटले तेव्हा गिनोसारच्या दोघा कोळी भावांना चिखलात एक जुनी नाव दिसली, सव्वाआठ मीटर लांब, सव्वादोन मीटर रुंद, ख्रिस्तकाळाच्या आसपासची. वेगवेगळ्या लाकडांचे तुकडे जोडून, डागडुजी करून वापरलेली, कोण्या गरिबाची. कफर्णहूमला काळ्या बसाल्टच्या भिंतींची लहान लहान घरे उत्खननात निघाली आहेत, आणि त्या ओबडधोबड भिंतींवर छत हलके, फांद्या आणि माती यांचेच, असणार असा तज्ज्ञांचा कयास आहे; पक्षघाती माणसाला खाली सोडण्यासाठी चौघांनी छप्पर उकरले हे धाब्याच्या घरात राहिलेल्या आमच्या शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत नाही, युरोपीय टीकाकारांनी मात्र त्यावर पाने खर्चली आहेत. यरुशलेमेचा पाऊस वर्षाला सुमारे साडेपाचशे मिलिमीटर, म्हणजे आमच्या अवर्षणप्रवण नगर जिल्ह्याच्या आसपासचाच. फरक इतका की तो हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा संपूर्ण कोरडा जातो. खडकावर चार बोटे मातीचा थर, त्यात पेरलेले लवकर उगवते आणि लवकर करपते, हा पेरणाऱ्याचा दाखला पाथर्डी-जामखेडच्या मुरमाड रानात वाढलेल्या माणसाने ऐकावा आणि मान डोलवावी, इतका तो ओळखीचा आहे. थॉमस स्टीफन्सच्या १६१६च्या क्रिस्तपुराणापासून पंडिता रमाबाईंच्या बायबलापर्यंत आमच्या भाषेने ही कथा आपलीशी केली, आणि तिचा मुलूखही आमच्या मुलखाला इतका परका नव्हता, हे तेथे गेल्यावर मला प्रथमच उमगले.

यार्देनेविषयी मात्र निराशा होते, आणि ती आधीच झालेली बरी. बाप्तिस्म्याचे स्थळ म्हणून दाखवतात तेथे ही नदी काही मीटर रुंदीची, गढूळ, वेताच्या बेटांतून सरकणारी. अलीकडच्या काठावर इस्रायली शिपाई, पलीकडच्या काठावर जॉर्डनचे, आणि मधोमध सरहद्द. १९६७ नंतर भोवतालच्या रानात सुरुंग पेरले गेले आणि ते काढण्याचे काम पन्नास वर्षांनी हाती घेतले गेले. पाण्याचा मोठा भाग वरच्या अंगालाच शेती आणि शहरांकडे वळवला जातो, त्यामुळे मृत समुद्राची पातळी दर वर्षी मीटरभर खाली जात आहे. पांढरी वस्त्रे घालून तीनदा बुडी मारणारे यात्रेकरू कोणत्या पाण्यात उतरतात हे त्यांनी विचारू नये. याच नदीत बुडी मारायला सांगितलेल्या जुन्या करारातल्या नामानालाही हाच प्रश्न पडला होता, आणि दिमिष्काच्या, म्हणजे दमास्कसच्या, नद्या यापेक्षा बऱ्या असे त्याने बोलून दाखवले होते.

आणखी एक गोष्ट, जी प्रवासी कंपन्यांच्या कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. त्या भूमीत ख्रिस्ती माणसे राहतात. बेथलेहेम, बेत साहूर, बेत जाला, नासरेथ येथील अरबी भाषिक ख्रिस्ती कुटुंबे पहिल्या शतकांपासूनच्या मंडळ्यांचा वारसा सांगतात. बेथलेहेममध्ये एके काळी त्यांची बहुसंख्या होती, आज ती अल्पसंख्य आहेत, आणि उरलेल्यांची मुले चिली, अमेरिका, ऑस्ट्रेलिया येथे गेली आहेत. २००२ नंतर उभारलेल्या भिंतीमुळे नऊ-दहा किलोमीटरांवरच्या यरुशलेमेस प्रार्थनेला जायचे तर त्यांना परवाना लागतो, जो परदेशी यात्रेकरूला लागत नाही. यात्रेकरू येतो, बेथलेहेमच्या चर्चच्या, नम्रतेचे म्हणतात त्या बुटक्या दारातून वाकून आत जातो, गुहेत रांगेने तारा पाहतो, जैतुनाच्या लाकडाचे कोरलेले उंट विकत घेतो, आणि तासाभरात बसमध्ये बसतो. दगडांची ज्याने एवढी आस्थेने चौकशी केली, त्याने त्या दगडांशेजारी राहणाऱ्या सहविश्वासूंची साधी विचारपूसही केलेली नसते. यात मी कोणत्याही पक्षाचे राजकारण करीत नाही. २०२३च्या ऑक्टोबरपासूनच्या युद्धाने यात्रेचे रस्ते ओस पडले, आणि त्या लाकूड कोरणाऱ्या घरांतल्या चुली ज्या मिळकतीवर चालत तीच आटली, ही वस्तुस्थिती आहे. पडताळणीला निघालेल्या माणसाने तीही नोंदवली पाहिजे.

मराठी वाचकासाठी एक प्रकरण मी मुद्दाम वाढवले आहे, आणि ते ख्रिस्ती स्थळाविषयी नाही. कोकणातले बेने इस्रायल, ज्यांना गावोगाव शनवार तेली म्हणत, १९४८ नंतर मोठ्या संख्येने इस्रायलला गेले. अश्दोद, लोद, दिमोना, बेर शेबा येथे त्यांची घरे आहेत, त्यांत मराठी बोलली जाते, आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिकही तेथून निघत आले आहे. एलीया संदेष्ट्याला ते एलियाहू हन्नबी म्हणून मानतात, पोहे, खोबरे आणि गूळ यांचा मलिदा त्याच्या नावाने करतात, आणि अलिबागजवळच्या खडकावरील एक खूण त्याच्या रथाची म्हणून दाखवतात. कर्मेल पर्वताच्या पायथ्याशी हैफा येथे एलीयाची गुहा आहे, जिला यहुदी, ख्रिस्ती, मुसलमान आणि द्रूझ चौघेही मानतात. ज्या कोकणी माणसाच्या घरी अलिबागचा रथ आणि कर्मेलची गुहा दोन्ही जाग्या आहेत, त्याच्याशी मराठीतून बोलताना शोमरोनी बाईचा प्रश्न मला पुन्हा ऐकू आला, आणि या वेळी तो विचारणाऱ्याच्या आवाजात कज्ज्याचा लवलेशही नव्हता.

या पुस्तकात काय नाही, तेही सांगितले पाहिजे. पौलाच्या प्रवासांतली इफिस, करिंथ, रोम ही स्थळे वगळली आहेत, कारण त्यांचा भूगोल वेगळा, काळ वेगळा, आणि त्यांना न्याय द्यायचा तर दुसरा ग्रंथ लागेल. सीनायवर एकच लहान प्रकरण आहे. अम्माऊस म्हणून दाखवल्या जाणाऱ्या निरनिराळ्या गावांचा वाद मी सविस्तर चर्चिला नाही, कारण प्रत्येकाचे पुरावे अपुरे आहेत आणि त्या गावी निघालेल्या दोघा शिष्यांनाही रस्त्यातला सोबती पुनरुत्थित प्रभूच आहे हे ओळखता आले नव्हते, मग गाव ओळखण्याचा आग्रह आपण किती धरायचा? कालानुक्रम पाळलेला नाही; पुस्तक बेथलेहेमने सुरू न होता यरीहोच्या रस्त्याने सुरू होते, कारण वर मांडलेला पक्ष त्या उतारावर सर्वांत स्पष्ट होतो. ज्यांना नाताळचीच गोष्ट आधी हवी असेल त्यांनी खुशाल मधले प्रकरण उघडावे. अखेरीस जोडलेल्या नकाशावर गावांच्या नावांबरोबर समुद्रसपाटीपासूनची उंची वा खोली मीटरांत दिली आहे, आणि दोन गावांमधले अंतर रस्त्याने नव्हे, पायवाटेने मोजलेले दिले आहे. प्रत्येक प्रकरण वाचण्याआधी वाचकाने तो नकाशा एकदा उलगडून आपण किती चढणार आणि किती उतरणार हे पाहून घ्यावे, अशी माझी विनंती आहे.